170-ख ची नोटीस, आजोबांची रजिस्ट्री आणि टंट्या मामांचा फोटो

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमच्या आजोबांनी 1964 साली महू तहसिलीत, चोरलच्या बाजूला, एका भिल्ल शेतकऱ्याकडून 12 बिघे जमीन घेतली. रजिस्ट्री आहे, नामांतरण (फेरफार) झालेलं आहे. विकणाऱ्याचाच मुलगा आणि आता नातू ती जमीन बटाईने (पिकाच्या वाट्यावर) कसतो. मागच्या महिन्यात एसडीएमच्या, म्हणजे अनुविभागीय अधिकाऱ्याच्या, न्यायालयातून कलम 170-ख ची, म्हणजे आदिवासीची गेलेली जमीन परत देण्याच्या कलमाची, नोटीस आली. त्याआधी 4 डिसेंबरला गावात टंट्या मामांचा, म्हणजे टंट्या भिल्लाचा, बलिदान दिवस झाला, तिथे मामांच्या फोटोसमोर उभं राहून त्या नातवाने "ही जमीन आमची आहे" असं सांगितलं. तुम्ही विचारता, जमीन वाचेल का? आणि त्याच दमात हेही विचारता, की एका दरोडेखोराला क्रांतिकारक ठरवायचं आणि आम्ही पैसे मोजून घेतलेली जमीन मागायची, हा कुठला न्याय?

मी इंदूरला मोती तबेल्याच्या कलेक्टोरेटमध्ये 31 वर्षं महसुली कामं करते आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमचे कागद न बघता कोणी दिलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्याचं उत्तर मात्र मी आधी देणार आहे. ते नीट कळलं की कागदात काय शोधायचं तेही कळेल.

टंट्या भिल्लाची निमाडात जी हकीकत सांगतात, तिची सुरुवात दरोड्याने होत नाही, लगानाच्या (शेतसाऱ्याच्या) बाकीने होते. वडिलांच्या माघारी बाकी थकली आणि जमीन हातातून गेली. ती परत मिळावी म्हणून तो आधी कचेरीतच गेला होता. तिथे हरला. 1874 मध्ये एक वर्षाची कैद झाली. 1878 मध्ये खंडव्याच्या तुरुंगातून तो निसटला आणि पुढची दहा-अकरा वर्षं निमाडपासून होळकरांच्या मुलखापर्यंत कोणाच्या हाती लागला नाही. 1889 मध्ये विश्वासघाताने पकडला गेला. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटलं आणि 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला त्याला फाशी झाली. पाताळपाणीला त्याचं ठाणं, म्हणजे देवस्थान, आहे. आमच्या लहानपणी महूहून घाट उतरणारी मीटर गेजची गाडी तिथे थांबायची आणि डब्यातली माणसं खिडकीतूनच हात जोडायची. माझी आई ब्राह्मणाघरची, सोवळ्याओवळ्याची, पण तीसुद्धा जोडायची.

त्याने लुटलं, हे खरं आहे. ज्याचं घर लुटलं गेलं त्याच्या लेखी तो दरोडेखोरच असणार आणि फौजदारी फायलीत त्याचं नाव तसंच लिहिलेलं आहे. पण त्या फौजदारी फायलीच्या आधी एक महसुली फाईल होती. ती त्याच्या मनासारखी नाही, निदान न्यायाने तरी बंद झाली असती, तर दुसरी उघडलीच नसती असं मला मनापासून वाटतं. मी रोज महसुली फायलीच हाताळते, म्हणून कदाचित मला ती आधी दिसते.

हे फक्त भिल्लांचं म्हणून बाजूला ठेवू नका. आपली माणसंही याच वाटेने गेली आहेत. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात कुणबी शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते रोखे, गहाणखतं आणि वह्या. ज्या सावकाराने कागद मुकाट काढून दिले, त्याला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. कागदाची होळी झाली आणि लोक घरी गेले. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला आपली जमीन नेमकी कुठे अडकली आहे ते बरोबर ठाऊक होतं. हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

त्या कायद्यातलं एक कलम मी माझ्या ज्युनियर मुलांना नेहमी सांगते. शेतकऱ्याच्या कर्जाचा दावा आला, तर न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा आणि अंगठा बघून थांबायचं नाही. व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा इतिहास काढायचा. मुद्दल किती दिलं, व्याज कसं चढलं, जुना रोखा फाडून नवा का केला, सगळं. त्याआधी न्यायालयाला कागद दिसायचा आणि कागदामागचा माणूस दिसायचा नाही. लोकांनी कागद जाळले, तेव्हा कुठे कागदाच्या मागे जाऊन बघायची सोय झाली. तिकडे छोटानागपूरला बिरसा मुंडांचं बंड 1899-1900 मध्ये झालं, बिरसा जून 1900 मध्ये रांचीच्या तुरुंगात वारले आणि 1908 मध्ये आदिवासींची जमीन बाहेरच्याकडे जाऊ नये म्हणून तिथला काश्तकारी कायदा आला. टंट्याच्या वाट्याला असा कायदा त्याच्या हयातीत आला नाही. मध्य प्रदेशातला आजचा कायदा यायला तर 1959 आणि मग 1980 उजाडलं.

तर तुमच्या हातातली नोटीस ही याच वंशातली आहे. आता ती उलगडून सांगते.

मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 2 ऑक्टोबर 1959 ला लागू झाली. तिच्या कलम 165(6) मध्ये आदिवासी भूमिस्वामीची (पूर्ण हक्काच्या जमीनमालकाची) जमीन परवानगीशिवाय गैरआदिवासीकडे जाण्यावर बंधन घातलं होतं. बंधन असूनही जमिनी जातच राहिल्या. कधी रजिस्ट्रीने, कधी नुसत्या चिठ्ठीवर, कधी लग्नाच्या उसनवारीत. म्हणून 1980 च्या दुरुस्तीने 170-ख आलं आणि 24 ऑक्टोबर 1980 पासून लागू झालं. ते म्हणतं की 2 ऑक्टोबर 1959 पासून ही दुरुस्ती लागू होईपर्यंतच्या काळात जी शेतजमीन आदिवासीची होती, ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी ज्याच्या कब्जात होती, त्याने तिथून 2 वर्षांच्या आत अनुविभागीय अधिकाऱ्याला कळवायचं, ही जमीन माझ्याकडे कशी आली. कळवलं नाही, तर कब्जा बेकायदा आहे असं धरलं जाईल आणि जमीन मूळ मालकाकडे, तो नसेल तर त्याच्या वारसांकडे जाईल. कळवलं असेल, तरी अधिकारी चौकशी करेल, की या व्यवहारात आदिवासीला त्याच्या हक्कातून फसवून बाहेर काढलं गेलं का.

म्हणजे इथेही तेच, कागदाच्या मागे जायचं. शिवाय सिद्ध करायचं ओझं जमीन ज्याच्या हातात आहे त्याच्यावर. तुम्हाला ते जाचक वाटतं आहे आणि ते मी समजू शकते. पण उलट असतं तर काय झालं असतं? 1964 साली अंगठा उमटवणाऱ्या माणसाने आज रेकॉर्ड रूममधून नकला काढून, साक्षीदार उभे करून सिद्ध करायचं, की मला फसवलं. ते साक्षीदार तुमच्या आजोबांच्या ओळखीतले. तसं ओझं ठेवलं असतं, तर एकही जमीन परत गेली नसती.

आता तुमचं काय. चार-पाच गोष्टींवर सगळं अवलंबून आहे आणि त्या मला इथे बसून कळणार नाहीत.

विकणारा भिल्ल आहे असं तुम्ही म्हणता. आपल्या राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल, भिलाला, बारेला, पटेलिया एकाच नोंदीत आहेत, तेव्हा बहुधा तो मुद्दा वादाचा राहणार नाही. तरी जुन्या खसऱ्यात (गावच्या जमिनींच्या वर्षवार नोंदीत) जात काय लिहिली आहे ते बघा. पुष्कळदा तिथे काहीतरी वेगळंच लिहिलेलं असतं आणि दोन्ही बाजू त्यावरून वर्षभर भांडतात.

1964 साली विक्रीची परवानगी घेतली होती का? असेल तर परवानगीचं प्रकरण, त्यातले जबाब आणि आदेश, तिन्हीच्या नकला काढा. परवानगीचा नुसता क्रमांक रजिस्ट्रीत लिहिलेला पुरत नाही. परवानगी देताना विचारलं होतं का, की याच्याकडे दुसरी जमीन उरते का, किंमत योग्य आहे का, हे आदेशातच दिसतं.

1980 ते 1982 च्या दरम्यान आजोबांनी किंवा वडिलांनी माहिती भरून दिली होती का? हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते. बहुतेक घरांत याचं उत्तर "आम्हाला माहीतच नव्हतं" असं येतं. दिली असेल, तर घरात त्याची पोच असते. जुन्या ट्रंकेत, पोथ्यांच्या खाली, विम्याच्या कागदांत शोधा. ती पोच सापडली तर तुमची बाजू एकदम वेगळी होते.

आणि रजिस्ट्रीत किंमत कशी दिली आहे? तुम्ही लिहिलंय की "रक्कम पूर्वीच घरी पोचली" असं तिच्यात आहे. या एका वाक्यावर मी तुम्हाला सावध करते. रजिस्ट्रारसमोर रोकड मोजून दिली असती तर तसं लिहिलं असतं. "पूर्वीच पोचली" याचा अर्थ खूपदा असा असतो, की बियाण्याचे, औषधाचे किंवा बैलाचे पैसे आधी दिले होते आणि त्यांची बेरीज होऊन जमीन झाली. तुमच्या आजोबांनी तसं केलंच असं मी म्हणत नाही. पण अधिकारी नेमकं तिथेच बोट ठेवेल, तेव्हा घरात जुनी वही असेल तर काढून ठेवा. त्या वहीतली नोंद तुमच्या विरुद्ध जाणारी निघाली, तर ती लपवायची की दाखवायची हा तुमचा निर्णय. दाखवा, असं मी सांगेन.

कागद कुठले काढायचे तेही लिहिते, कारण महाराष्ट्रातले नातेवाईक तुम्हाला सातबारा काढायला सांगतील आणि आपल्याकडे सातबारा नसतो. खसरा आणि बी-एक (खात्याचा उतारा) असतो. आजचा ऑनलाइन खसरा या कामाला निरुपयोगी आहे, तो फक्त आज नाव कोणाचं ते सांगतो. 1958-59 पासून सलग सगळ्या वर्षांच्या खसऱ्यांच्या नकला, नामांतरण पंजीतली 1964 ची नोंद आणि त्याआधीचं, 1956 पूर्वीच्या मध्य भारत राज्याच्या काळातलं खातं काढा. त्या जुन्या खात्यात विकणाऱ्याच्या बापाचं नाव "पक्का कृषक" म्हणून असेल, तर संहिता लागू झाली त्या दिवशी तो आपोआप भूमिस्वामी झाला होता, म्हणजे त्याचा हक्क पूर्ण होता. आणि प्रत्येक वर्षी कैफियतीच्या (शेऱ्याच्या) रकान्यात काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा. पटवारी (तलाठी) कब्जा कोणाचा ते तिथे लिहीत असे. नाव तुमच्या आजोबांचं आणि कैफियतीत वर्षानुवर्षं "कब्जा" त्या भिल्लाचाच, असं निघालं, तर मग विचारावं लागेल, की 1964 मध्ये खरोखर विक्री झाली होती, की कर्जाची हमी म्हणून कागद करून घेतला होता. जमीन विकून टाकलेला माणूस त्याच जमिनीत पन्नास-साठ वर्षं नांगर धरून उभा आहे, ही गोष्ट तुम्हाला रोजची वाटत असेल. मला ती फायलीतली सगळ्यात मोठी नोंद वाटते.

एक माझ्या बाबतीतलं सांगते. वकिलीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी अशाच एका खरेदीदाराची बाजू चालवली होती. अर्जात खसरा नंबरचा घोळ होता, मी तेवढ्यावरच जोर दिला आणि अर्ज फेटाळला गेला. खरा व्यवहार काय होता हे मला माझ्या अशिलाने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं: दोन पोती ज्वारी आणि बायकोच्या आजारपणाचे पैसे. निकालाच्या दिवशी समोरच्या बाजूचा आदिवासी म्हातारा माझ्याकडे आला, हातातली निकालाची नकल उलटी धरलेली, आणि म्हणाला, "बाई, इसमें मेरे बाप का नाम कहाँ लिखा है?" मी त्याला बोट ठेवून दाखवलं. पहिल्याच ओळीत होतं. त्याने त्या ओळीवर अंगठा फिरवला, कागदाची चार घड्यांची घडी केली आणि फेट्यात खोचली. ती केस मी जिंकले होते. त्यानंतर 170-ख मध्ये खरेदीदाराची बाजू घेताना मी आधी खरं काय घडलं ते विचारते आणि ते फसवणुकीचं असेल तर वकीलपत्र घेत नाही.

वकिलावरून आठवलं. या प्रकरणात कलम 170-ग प्रमाणे अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय वकील उभाच राहू शकत नाही. तुम्हाला परवानगी मिळाली, तर समोरच्या आदिवासीलाही विधी सहायतेतून वकील मिळतो, त्याला खर्च नाही. म्हणून पहिल्या तारखेला स्वतः जा. "वकीलसाहेब बघतील" म्हणून घरी बसलात तर तुमच्या माघारी आदेश होईल. उत्तर द्यायला मुदत मागा, आणि मुदत मागताना नकलांसाठी केलेल्या अर्जाची पावती जोडा.

आता काय करू नका. तुम्हाला कोणीतरी, बहुधा तहसिलीच्या बाहेर बसणारा कोणी, सुचवेल की त्या नातवाला थोडे पैसे देऊन पाचशेच्या स्टँपवर राजीनामा (तडजोडीचा लेख) लिहून घ्या. त्या कागदाला काडीची किंमत नाही. आदिवासीने आपला हक्क असा कागदावर सोडून दिला, हीच तर गोष्ट थांबवायला हा कायदा आला आहे. उलट तुमच्या विरुद्ध एक पुरावा तुम्ही स्वतःच तयार कराल. दुसरा सल्ला मिळेल, की जमीन एखाद्या आदिवासी गड्याच्या नावावर करून टाका, तो नुसता नावाला राहील. हा उद्योग माळव्यात-निमाडात फार चालतो. यात तुम्ही जमीनही घालवता आणि एका गरीब माणसाला आयुष्यभर खोट्या मालकीत अडकवता. आणि बटाई लगेच मोडून त्याला शेतातून बाहेर काढायचा विचार असेल, तर तो आजच सोडा. प्रकरण चालू असताना कब्जाला हात लावलात, तर महसुली प्रकरणाचं फौजदारी व्हायला वेळ लागत नाही.

निकाल विरुद्ध गेला तर अपील कलेक्टरकडे आहे. ते करायचं की नाही, हे नकला आल्यावर ठरवू. परवानगी रीतसर असेल, माहिती मुदतीत दिलेली असेल, पैसे खरे दिलेले असतील, तर तुमची बाजू चांगली आहे आणि मी ती लढवायला सांगेन. अशा केसेस खरेदीदार जिंकतात, मी जिंकलेल्या आहेत. परवानगी नाही, माहिती दिली नाही आणि कैफियतीत कब्जा त्यांचाच, असं असेल, तर पुढची दहा वर्षं वकिलांच्या फीत घालवू नका.

तुमच्या पत्रात शेवटी एक वाक्य होतं: "आजोबा सज्जन होते हो." असतील, मला त्यात शंका नाही. सुप्याला ज्यांच्या वह्या जळल्या, त्यांतही सज्जन माणसं असतील. अडल्या-नडल्याला पैसे देणारा माणूस गावात सज्जनच गणला जातो. आजोबांच्या स्वभावाचा निवाडा या प्रकरणात होणार नाही आणि तुम्ही तो मनावर घेऊ नका. 1964 च्या एका दिवशी दोन माणसांमध्ये काय ठरलं, एवढंच बघायचं आहे. त्या दोघांपैकी आज कोणीच नाही. दोघांचे नातू आहेत.

म्हणून एक सुचवते. चार वर्षांपूर्वी खुडेलच्या बाजूच्या एका प्रकरणात आम्ही हे केलं होतं. नकलेचा अर्ज तुम्ही एकट्याने लावू नका, त्या मुलालाही सोबत घ्या. तो शिकलेला आहे असं तुम्हीच लिहिलंय. अभिलेखागारात बस्ता सोडतात तेव्हा लाल कापडातून आधी धूळ उडते, मग ते पिवळे, कडा झिजलेले खसरे बाहेर येतात. त्या दिवशी एका बाजूला खरेदीदाराचा मुलगा आणि एका बाजूला विकणाऱ्याचा नातू, दोघं एकाच टेबलावर वाकून एकेक वर्ष वाचत होते. 1967 च्या पानावर दोघांचंही बोट एकदमच थांबलं. कैफियतीत पटवाऱ्याने लिहिलं होतं, रक्कम फिटेपर्यंत. त्यानंतर त्या केसमध्ये युक्तिवादाची गरज पडली नाही. पुढच्या पेशीला खरेदीदाराच्या मुलाने स्वतः उभं राहून जबाब दिला.

तुमच्या पानावर काय निघेल ते मला माहीत नाही. पेशीच्या तारखेआधी किमान तीन आठवडे अर्ज लावा, जुन्या बस्त्यांना वेळ लागतो. अर्जात गाव, पटवारी हलका (तलाठ्याचा सजा) आणि जुना-नवा दोन्ही खसरा नंबर लिहा. बंदोबस्तात (जमिनीच्या नव्या मोजणी-आकारणीत) नंबर बदललेले असतात आणि नुसता नवा दिला तर "रेकॉर्ड उपलब्ध नाही" म्हणून अर्ज परत येतो. नकला मिळाल्या की 1958-59 ते 1982 पर्यंतचे कैफियतीचे शेरे जसेच्या तसे इथे उतरवून टाका. नावं लिहू नका, फक्त वर्ष आणि शेरा. मी वाचून उत्तर देईन.